चौतीस हिवाळे

निमिषची हायब्रिड गाडी गुरुदत्त काकांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी अडली, आणि घराच्या खिडकीत काकांचा चेहरा उजळला. तिळगूळ हातावर पडायच्या आधीच इतकं तोंड गोड झालेला माणूस त्या संक्रांतीला अख्ख्या शॉमबर्ग गावात दुसरा नसेल.

चढ होता हातभर. सकाळी स्नोप्लाऊ रस्ता साफ करून गेला होता आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ काकांच्या दारात रचून गेला होता. निमिष ॲक्सिलरेटर दाबत होता. चाक जरा घसरलं की गाडी आपणहून जोर काढून घेत होती. आवाज नाही, धूर नाही. सरकारी कचेरीत अर्ज सरकतो तितकीही ती सरकत नव्हती.

शेजारी स्वानंदी बसली होती. नववा महिना. डॉक्टरांनी फेब्रुवारीचा पहिला आठवडा सांगितला होता, म्हणजे ऐन बर्फाचा. ती पोटावर हात ठेवून समोर बघत राहिली. त्यापेक्षा ती बोलली असती तर निमिषला परवडलं असतं.

गाडी घेताना काकांना विचारलं नाही, हा निमिषचा मूळ गुन्हा. पुण्याहून, नागपूरहून नवा आलेला कोणीही आधी काकांचा सल्ला घेई आणि मग गाडी घेई. चौतीस हिवाळे पाहिलेला माणूस, असं त्यांच्याबद्दल तिथल्या मराठी मंडळात बोललं जायचं. बोलायला सुरुवात त्यांनीच केली होती. तेव्हा ऑक्टोबरमध्ये गाडी आल्यापासून मंडळाच्या दर पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, काका चार लोकांदेखत विचारायचे, काय रे, तुझं शिलाईचं मशीन कसं आहे? लोक हसले की मग स्वानंदीकडे वळून गंभीर व्हायचे. बर्फात ही गाडी दगा देणार. वेळ आली की मला फोन कर, मी नेतो हॉस्पिटलला. त्यांची गाडी म्हणजे गॅरेजमध्ये बांधलेला रणगाडाच. स्वानंदीला हळूहळू ते पटत चाललं होतं. गेल्या आठवड्यात तिने काकांचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला. निमिष रोज दूध काढताना तो वाचत असे.

काका बाहेर आले. कानटोपी, हातमोजे, हातात चहाचा कप. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. बुटाच्या टोकाने टायर दाबून पाहिला आणि हे टायर आहेत की कडबोळी, असं विचारलं. मग निदान केलं, गाडी हलकी आहे, मागे वजन हवं. गॅरेजमधून गव्हाच्या पिठाच्या वीस-वीस पौंडांच्या सहा पिशव्या त्यांनी निमिषला वाहायला लावल्या आणि डिकीत रचून घेतल्या. स्वानंदीला हात देऊन उतरवलं. कप निमिषच्या हातात दिला.

"सरक. बर्फात गाडी चालवणं म्हणजे काय असतं ते दाखवतो तुला."

बसल्याबसल्या त्यांना पहिली शंका आली, ती गाडी चालू आहे की नाही. चालू आहे, निमिष म्हणाला. काकांनी विश्वास न ठेवता बटण दाबलं आणि ती बंद केली. मग पुन्हा चालू केली आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. गाडीने नाक किंचित वर उचललं, थोडा विचार केला आणि पिठासकट हातभर मागे जाऊन बसली.

काका खिडकीतून म्हणाले, मी सांगतच होतो, विकून टाक.

स्वानंदीने निमिषकडे पाहिलं. निमिषने कपातल्या चहाकडे पाहिलं. विकायची, हे तिथेच जवळजवळ ठरलं.

तेवढ्यात वसुधा काकू पायऱ्या उतरून आल्या. अंगावर संक्रांतीची काळी चंद्रकळा, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात फावडं. पुढची चाकं गाडी ओढतात आणि वजन मागे कशाला भरलंय, एवढंच विचारून त्यांनी निमिषला पीठ उतरवायला सांगितलं. स्वतः पुढच्या चाकांसमोरचा बर्फ खालचं काँक्रीट दिसेपर्यंत खरवडला. गाडीतल्या पायाखालच्या मॅट काढून चाकांपुढे सरकवल्या. मग काचेवर टकटक केलं.

"अहो, उतरा."

काका उतरले. गाडीला पुढून वळसा घालून पलीकडे गेले, सीट दोन खाचा मागे घेतली, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसले. इतक्या सराईतपणे त्यांनी सकाळपासून दुसरं काहीच केलं नव्हतं.

काकूंनी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला न ठेवल्यासारखा केला. गाडी मॅटवर चढली, ढिगाऱ्यातून निघाली आणि आवाज न करता गॅरेजच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

स्वानंदी आणि निमिष चालत मागोमाग पोचले, तेव्हा काकूंनी काच खाली घेतली.

"हिला जोर चालत नाही रे. वाट करून द्यावी लागते. चांगली गाडी आहे, विकू नका."

काकू, बर्फात तुम्ही चालवता? स्वानंदीने विचारलं. काकूंना प्रश्नच नीट कळला नाही. मग दुसरं कोण चालवणार, म्हणाल्या. रोज ह्यांना ट्रेनला सोडायचं आणि मग आपल्या लॅबला जायचं. इथे आलो त्याच वर्षी एकदा गाडीसकट हे जरासे घसरले होते, तेव्हापासून बर्फ पडला की स्टिअरिंगला हात लावत नाहीत.

स्वानंदीने पर्समधून फोन काढला आणि काकूंचा नंबर मागून घेतला. केव्हाही कर, काकू म्हणाल्या, मला पहाटेची सवय आहे.

पलीकडच्या सीटवरून काका पुढे झुकले.

"अजिबात घाबरायचं नाही, पोरी. चौतीस हिवाळ्यांचा अनुभव आहे. मी बाजूला बसलेला असेन."