इंजिन मागे की मध्ये

मुंबईत शर्यतीचा नाद असलेल्या एका शेठच्या गॅरेजात सेलेस्तीन आणि भिकाजी मोटारी दुरुस्त करत. म्हातारपणी दोघे मालवणला परतले, दोघांच्याही बायका गेल्या, पण गॅरेजातला वाद काही मिटला नाही. शर्यतीच्या गाडीचं इंजिन अगदी मागे असावं की मधोमध? आता शर्यत तर सोडाच, आसपास धड मोटारही दिसत नव्हती.

रोज संध्याकाळी दोघे ओल्या वाळूत एक लाकडी गाडी दोरीने ओढत. भिकाजी तिच्यात अगदी मागे धोंडा ठेवी आणि मागची चाकं वाळू कशी घट्ट धरतात ते दाखवी. सेलेस्तीन तोच धोंडा मध्ये सरकवी आणि वळणावर गाडीची शेपटी कशी बाहेर फेकली जात नाही ते दाखवी. अंधार पडला की भिकाजी कपडे झाडत उठे आणि म्हणे, "उरलेलां उद्या."

मग भिकाजीच्या मुलाने त्याला कायमचं मुंबईला बोलावून घेतलं. आगबोटीकडे नेणाऱ्या होडीत बसताना त्याने घराची चावी सेलेस्तीनच्या हातात दिली. "तुझांच खरां रे," तो म्हणाला. "इंजिन मधीच बरां."

इतक्या वर्षांनी सेलेस्तीन वाद जिंकला होता. होडी सुटली.



तसा तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि ओरडला, "नाय रे भिकाजी, पाठीच बरां. उरलेलां तू इल्यावर."