दोन कार्डांमधली तार

“तार तपासल्याशिवाय भिंतीत गाडू नका,” हे लातूरच्या क्लासातल्या सरांचं बोलणं सिद्धारामच्या कानात अजून होतं. केजला त्याचा नेट कॅफे निघणार होता. दिवसभर शिणलेल्या सिद्धारामनं एकाच कॉम्प्युटरच्या दोन नेटवर्क कार्डांना तारेची दोन टोकं जोडली आणि या कार्डातून त्या कार्डात फाइल धाडली.

“वाऱ्यागत गेली बघ, कावेरी! आता तू शाळेची नोकरी सोड अन् इथं गल्ल्यावर बस. चालतंय ना तुला? चालतंय की.”

बायकोनं तारेचं निसटलेलं टोक उचलून दाखवलं.

त्यानं ते टोक हातात घेतलं. “म्हंजे फाइल तारेत शिरलीच न्हाई. ह्यो कॉम्प्युटर आतल्या आत सोताशीच बोलतोय.”

“तुमीबी तसंच. इचारताबी तुमीच, उत्तरबी तुमचंच.” मग ती हळूच म्हणाली, “मला न्हाई चालत.”