साचलेली कोडी

"आज फळा कोराच?" वाचनालयात शिरता शिरता आबा खोतांनी विचारलं.

फळ्यावर ग्रंथपाल शालिनीताईंनी ठसठशीत लिहिलं होतं : आपले वाचक दिगंबर पेंढारकर यांचं निधन. पण हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी दिलेला चष्मा आणि कानातलं यंत्र आबांच्या जिवाला धक्का बसेल असं काही आत येऊच देत नसे.

ताईंनी त्यांचा हात धरला. "आबा, दिगंबरराव गेले हो!"

"मोठ्यानं बोला की! नुसते ओठ हलताहेत."

ताई ओरडल्या. सगळे वाचक वळून बघू लागले. आबा मात्र हसले. रोजच्यासारखं त्यांनी पेपरातलं शब्दकोड्याचं पान काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, कालच्या पानावर ठेवलं.

"दिगू आला की सांगा त्याला, कोडी साचलीत म्हणावं."