मऊ पडलेले हात

अनुदानाच्या यंत्रावर प्रणिताने तिसऱ्यांदा तळहात टेकवला. घट्टे पाहून शेतकरी ओळखणारं ते यंत्र पुन्हा तेच म्हणालं, "घट्टे आढळले नाहीत. आपण शेतकरी नाही."

"बाळंतिणीचे हात मऊ पडणारच की गं," रांगेतल्या सिंधूकाकू म्हणाल्या. "त्या मेल्या डब्याला काय ठाऊक!"

तीन महिने रोज बाळाला तेल चोळताना घट्टे कधी विरले, ते प्रणिताला कळलंच नव्हतं. पुढची तपासणी महिन्याने होती. तीही हुकली, तर यंदाचं बियाण्याचं अनुदान बुडालंच.

घरी येऊन तिने खुरपं उचललं आणि तेलाची वाटी सासूबाईंपुढे सरकवली.

"आई, आजपासून बाळाला तुम्हीच चोळा," म्हणाली, आणि पाळण्याकडे न बघता शेताकडे निघाली.