दाबलेला माईक

"तुझा बंद कर आधी," रेडिओवाली म्हणाली.

"माझाच का? दरवेळी चोर मीच?" टॅक्सीवाल्यांचा मेकॅनिक फणफणला. सगळे त्याला फ्यूज म्हणायचे, कारण तो पटकन उडायचा.

डोंगरावरच्या त्या खोलीत तिघांचे रिपीटर, म्हणजे गाड्यांच्या वायरलेसचा आवाज पकडून पुढे फेकणारे सेट, खेटून उभे होते. टॅक्सीचा, बसचा आणि तिच्या अँब्युलन्सचा. बाहेर टॉवर एकच. एका चाळीत राहिल्यासारखं, एकाकडे खुट्ट झालं की शेजाऱ्याची झोपमोड. म्हणून बिघाडाची पद्धत ठरलेली होती. पाळीपाळीने एकेक सेट बंद करायचा, ज्याच्या बंद होण्याने गोंगाट थांबेल तो गुन्हेगार.

दुपारपासून अँब्युलन्सचा चॅनल अडकला होता. कुणी बोलत नव्हतं, पण बोलणं चालू असल्याचा लाल दिवा विझत नव्हता. एकाही गाडीला हाक जात नव्हती. खाली कंट्रोलमध्ये साहेबांचं डोकं तापलं होतं.

फ्यूजने आपला खटका पाडला. मग बसवाल्यांचा पाडला, ते कामही त्याच्याचकडे होतं. तिचा दिवा ढिम्म.

"बघ! आमच्यात खोट नाही. तुझ्याच कुठल्यातरी ड्रायव्हरचा माईक दाबलेला राहिलाय. बसला असेल त्याच्यावर बूड टेकून!" तो सिगरेट ओढायला बाहेर गेला.

तिला ते आल्या आल्याच कळलं होतं. म्हणून तर स्पीकर बारीक ठेवला होता. आता तिने कान लावला. नुसती खरखर, आणि मधूनच टक, टक. थांबून पुन्हा टक.

तिचा धाकटा भाऊ. स्टिअरिंगवर अंगठी वाजवायची त्याची सवय. लहानपणी ताटावर चमचा वाजवायचा आणि आईचा धपाटा खायचा.

त्याचा माईक असा दोनदा दाबला गेला होता. दुसऱ्या वेळी साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, परत झालं तर चावी टेबलावर ठेवायची आणि घर गाठायचं. घरी त्याची बायको पोटुशी होती.

तिने मोबाइल लावला. लागेना. तो घाटापलीकडे पेशंट सोडायला गेला होता, तिकडे कधीच रेंज नसायची. 'गाढवा, ऊठ की जरा,' ती पुटपुटली.

इतक्यात साहेबांचा फोन आला. "काय गं, कुणाचा माईक दाबलाय का?"

"नाही साहेब. टॅक्सीवाल्यांचा सेट घुसतोय आपल्यात. करते पाच मिनिटांत."

फ्यूज दारातच उभा होता. "काय थापा मारतेस? माझा सेट मेल्यासारखा पडलाय समोर!"

"माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "नोकरी जाईल रे त्याची."

फ्यूजने सिगरेट पायाखाली चिरडली. "घाल माझ्या नावावर. आधीच कुठे सोन्यासारखं आहे ते."

तिने रिपीटरचं झाकण उघडलं. आत एक खुंटी असते. ती पिळली की क्षीण आवाज गाळले जातात, जोरकस तेवढे आत येतात. घाटातला आवाज क्षीणच होता. तिने खुंटी पिळली. टक, टक. अजून पिळली. ट...

लाल दिवा विझला.

"आता घाटातली एकही गाडी ऐकू यायची नाही," फ्यूज म्हणाला.

"संध्याकाळी करते पूर्ववत. तोवर उठेल तो गाडीतून."

तिने स्पीकर मोठा केला, तसा साहेबांचा आवाज खोलीत घुमला. ते एकेका गाडीला हाक मारू लागले, एकेक ड्रायव्हर ओ देऊ लागला. मग तिचा फोन वाजला.

"शाब्बास! त्या टॅक्सीवाल्याला बघतोच मी. सगळे बोलले, तुझा भाऊ आणि काका तेवढे राहिले."

काका म्हणजे सगळ्यात जुना ड्रायव्हर. धाकट्याला गाडी त्यानेच शिकवली होती.

"घाटात असतील दोघं," ती म्हणाली.

"असतील. काका दुपारी रिकामी गाडी घेऊन एकटाच घाटाने निघालाय. डुलकी काढत असेल म्हातारा सावलीत."

साहेब हसले. तीही हसली. फ्यूजने आपले खटके वर केले आणि तिच्यापुढे पाण्याची बाटली धरली. ती दोन घोट प्यायली, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी. हॉस्पिटलच्या फोनवरून बोलतोय. साहेब हाका मारतायत का गं मला?"

"मारतायत! ये घरी, चपलेनेच बडवते तुला. किती थापा मारल्या तुझ्यापायी. आधी तो माईक बघ कशाखाली अडकलाय."

"कुठला माईक? तो मी सकाळीच काढून घरी ठेवलाय. परत दाबला गेला असता तर नोकरी गेली असती ना!"