डोळ्याखालचा भोवरा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी धनसिंगच्या घोडीला शिंगरू झालं. नर. चारही खूर पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी, शुभ लक्षणाचं. अभिमननं गोठ्याच्या दारातूनच ते पाहिलं आणि पांढरे खूर पुन्हा एकदा मोजले.

शिंगरू बन्सीलालचं होतं. त्यानं ते घोडीच्या पोटात असतानाच घेतलं होतं. दिवाळीत धनसिंगनं सौद्यासाठी उपरण्याखाली हात आधी अभिमनपुढेच केला होता. पण सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे तपासायला लोक ज्याला हाताला धरून नेतात, तो अभिमन न पाहिलेलं जनावर कसं घेणार? “दिसू ते दे,” एवढं म्हणून त्यानं हात मागे घेतला. शेजारी बसलेल्या बन्सीलालनं त्याच उपरण्याखाली हात घातला आणि बोटं दाबून भाव ठरवला. खताचं दुकान चालवणारा माणूस. घोड्याजवळ पुढून जावं की मागून, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

सौद्यात अट एकच होती. डोळ्याखाली भोवरा निघाला, तर सौदा मोडायचा. तसलं घोडं घराला रडवतं, असं सगळेच मानतात. आणि भोवरा आहे की नाही, ते अभिमननं सांगायचं. ही अट बन्सीलालनंच घातली होती.

“ये भाऊ, ये,” बन्सीलाल म्हणाला. अंगावर नवा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. “देख मनं नशीब! डोया मिटीसन लिधं आनि काय निघनं!”

“तुले काय समजस त्यामधलं?” अभिमन म्हणाला.

“मले कशाले समजाले पाहिजे? तू शे ना.”

अभिमन गुडघ्यावर बसला. घोडीनं चाटून शिंगराचं अंग ओलंचिंब केलं होतं. त्यानं गळ्याखाली हात घातला. तिथं देवमण होता, शुभ भोवरा, अगदी मधोमध. असा देवमण त्यानं आयुष्यात दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच्या दावणीला. मग त्यानं छाती, पोट, पाठ पाहिली. उजव्या डोळ्याखाली बोट फिरवलं. साफ. डाव्या डोळ्याखाली अंगठा टेकवला.

तिथंही साफ होतं. केस सरळ खाली उतरले होते. बोलायचं एवढंच बाकी होतं.

त्यानं अंगठा तिथंच ठेवला.

“काय शे?” बन्सीलालनं पेढ्यांचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“केस ओला शेतस आजून.”

“म्हंजे?”

“सुकू दे. मंग सांगस.”

धनसिंग घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. “भोवरा निघना ते मी कोनले इकू हाई?” त्यानं विचारलं. “गावमधला कोनी दारमा उभा करनार नही.”

“मी लिसू,” अभिमन म्हणाला. मान वर न करता.

“तू? तुले भोवरा चालस?”

“मना घरमा भिकुबाई शे. तिनापुढे भोवरा काय करी!”

अभिमनच्या बायकोचं नाव ऐकून धनसिंग खो खो हसला. बन्सीलालही हसला, पण उशिरा. मग तो दारापाशी गेला आणि त्यानं घरी फोन लावला. “आते कोनले सांगू नको,” तो हळू आवाजात म्हणाला. “सुकू दे, म्हनस अभिमनभाऊ.” फोन ठेवून तो तिथंच उभा राहिला. पुड्याची दोरी त्यानं अजून सोडली नव्हती.

अभिमनचा अंगठा डाव्या डोळ्याखालीच होता. तो गोल फिरत होता, अगदी सावकाश, लहान मुलाची दृष्ट काढावी तसा. ओले केस अंगठ्यामागून वळत होते. सोडले की थोडे उलगडत, पुन्हा वळत.

शिंगराला ते आवडलं असावं. त्यानं मान अभिमनच्या मांडीवर टाकली.

आठ वाजून वीस मिनिटांनी ऊन गोठ्याच्या उंबऱ्यावरून आत आलं आणि शिंगराच्या तोंडापर्यंत पोचलं. बन्सीलाल दारात होता. केस सुकायला लागले होते. अंगठा अजून थांबला नव्हता.