पुंजण्यातली सळाख

इश्वर खळ्यावर धानाच्या पुंजण्यात, रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगात, लोखंडी सळाख खोचत होता, तेवढ्यात सरपंच योगेंद्र आला आणि त्यानं फलक उलगडला. 'जगातली सगळ्यात थंड चिप! एकोडीची कन्या तृप्ती हिचा सत्कार.'

इश्वरची छाती गजभर फुगली. पोरगी परदेशातल्या प्रयोगशाळेतून कालच घरी आली होती, न् त्यानं अख्ख्या गावाला आवतन देऊन टाकलं होतं. बापाले आणखी काय पाहिजे!

बाजूलाच उभ्या तृप्तीनं फलक वाचला. "बाबा, हा विक्रम खोटा हाये. आमच्या सरांनी सांगितला, मी खोडून काढला."

"काहून?"

"ज्याच्या खाली थंडीच नाही, त्या टोकाजवळ आमची मशीन जाते. काटाही तसाच दाखवते. पण चिपमधून वीज नेतात ते इलेक्ट्रॉन. मी त्यायचंच तापमान मोजलं. मशीनपेक्षा दहापट गरम निघाले."

"मग साहेब?"

"सहा महिने झाले, बोलत नाहीत माह्यासंग."

योगेंद्र फसकन हसला. "घ्या काकाजी! सात समुद्रापार गेली, ते विक्रम घालवाले! चूप राहिली असती तं नाव झालं असतं." तो फलक गुंडाळू लागला.

इश्वरचा चेहरा पडला. संध्याकाळी लोक येतील, त्यांना काय तोंड दाखवायचं? तृप्ती खाली मान घालून उभी होती. लहानपणी काही फुटलं की अशीच उभी राहायची.

"आतून मोजलं का तू?" त्यानं विचारलं.

"आतूनच, बाबा. पुन्हा पुन्हा."

इश्वर पुंजण्याकडं वळला. मग म्हणाला, "सरपंच, पुंजण्याले हात लावा."

धान अवकाळीनं भिजलेलं, वरून दव. योगेंद्रनं हात लावला. "गार हाये जी."

इश्वरनं सळाख उपसली आणि तिचं टोक त्याच्यापुढं केलं. "आता हे धरा."

योगेंद्रनं धरलं न् तसंच सोडलं. "अरे बाप! आत तं भट्टी पेटली!"

"वरून हात लावून गेलो असतो, तं सारं धान सडलं असतं." इश्वरनं सळाख दुपट्ट्यानं पुसली आणि पोरीच्या हाती दिली. "फलक उलगडा, सरपंच. 'थंड चिप'ची ओळ तेवढी खोडा. नाव राहू द्या. जरा मोठं करा."